व्हीलचेअरवाल्या पोरांची व्हॅन: एका निवृत्त कंट्रोलरचा अकरा महिन्यांचा अनुभव

एसटीत तेहेतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा स्वारगेटला कंट्रोलरच्या खिडकीत. त्यामुळे गाडी उशिरा आली की माझं डोकं तापत नाही, का उशीर झाला ते विचारावंसं वाटतं. आता ही खोड नातीच्या व्हॅनवर चालवतोय. गेले अकरा महिने ही व्हॅन तिला धायरीहून कोथरूडच्या अंगाला एका संस्थेत कोर्सला नेते आणि परत आणून सोडते. तिनेच मला लिहायला बसवलं. म्हणाली, "आबा, घरात रोज त्या व्हॅनवर भाषण देता, ते एकदा लिहून टाका, कुणाच्या तरी कामी येईल." अट एकच: तिच्याबद्दल जे लिहीन ते आधी तिला वाचून दाखवायचं. दोन वाक्यं तिने खोडायला लावली, ती इथे नाहीत.

सेवेचं नाव टाकत नाही. दोन गाड्यांचा लहानसा धंदा आहे, मी चांगलं आणि वाईट दोन्ही लिहिणार आहे, आणि उद्या सकाळी पुन्हा त्यांच्याच गाडीत पोरीला बसवायचंय.

नात एकवीस वर्षांची. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. दोन्ही पाय आणि उजवा हात ऐकत नाहीत, डावा हात मात्र माझ्या दोन्ही हातांपेक्षा चलाख. बोलते सावकाश, पण वादात शेवटचं वाक्य तिचंच असतं. कोर्स वर्षभराचा आहे: कॉम्प्युटर, ऑफिसातलं कामकाज, टॅली, मराठी टायपिंग. फी महिना ५०० रुपये. व्हॅनचं भाडं महिना ७,२००. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की बाकी काही सांगायची गरज उरत नाही, पण तरी सांगतो.

शाळा होती तोवर हा प्रश्न नव्हता. शाळेची बस दारात यायची. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मी जुन्या सवयीने परिपत्रक वाचावं तसा पेन घेऊन वाचलाय. त्यात कलम १६ मध्ये सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांनी दिव्यांग मुलांच्या वाहनाची सोय बघावी असं आहे, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्या मदतनीसाचीसुद्धा. कलम ३१ मध्ये मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तो सहा ते अठरा वर्षांपर्यंत. समग्र शिक्षा योजनेत बारावीपर्यंत वाहतूक भत्ता आणि मदतनीस भत्ता धरलाय. मग येतं कलम १९, व्यावसायिक प्रशिक्षणाचं. तिथे "पुरेसा आधार आणि सोयी" अशा अर्थाचे शब्द आहेत, गाडीचा उल्लेख नाही. म्हणजे पोरगी अठराची झाली आणि खरोखर पोटापाण्याचं शिकायची वेळ आली, नेमकी तेव्हाच दारातली बस बंद. मी कायद्याला नावं ठेवत नाही, १९९५ च्या जुन्या कायद्यापेक्षा हा कितीतरी बरा. पण शेड्यूल लावणाऱ्या माणसाला असली मोकळी जागा लगेच दिसते: एक गाडी इथे संपते, दुसरी तिथून सुटतच नाही, आणि प्रवासी मधे स्टँडवर उभा.

व्हॅन लावायच्या आधी आम्ही बाकीचे सगळे मार्ग करून पाहिले.

पहिला महिना रिक्षा. दहा किलोमीटरचं अंतर, मीटरने पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ या दराने १७० रुपये होतात. मुलगा चाकणला फर्स्ट शिफ्टला जातो, साडेपाचलाच घराबाहेर. सूनबाई आणि मी मिळून तिला उचलून रिक्षात बसवायचो. खुर्ची घडी करून पाठीमागे सुतळीने बांधायची, चाक बाहेर लोंबकळतंय. पोचवून मी परत घरी यायचो म्हटलं की दिवसाच्या चार फेऱ्या, ६८० रुपये. म्हणून मी तिथेच थांबायचो. साडेतीनपर्यंत संस्थेसमोरच्या चहाच्या टपरीवर. टपरीवाल्याने तिसऱ्या दिवशी मला गिऱ्हाइकांचे सुटे पैसे मोजायला बसवलं. गंमत जाऊ द्या, पण जाऊन-येऊन ३४० रुपये आणि महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे ८,१६० रुपये आणि एका म्हाताऱ्याचा अख्खा दिवस.

मग सिटी बस. इथे बसला मी दोष देणार नाही. लो-फ्लोअर गाडीला दारात दुमडलेली फळी असते, कंडक्टरने उघडून खाली टाकली की खुर्ची आत जाते. चढायला दोन मिनिटं लागली. पण घरापासून स्टॉपपर्यंतच्या चारशे पावलांना पंचवीस मिनिटं. फूटपाथवर स्कूटर, स्कूटरच्या पुढे वडापावची गाडी, त्याच्यापुढे खड्डा, आणि फूटपाथ जिथे संपतो तिथे फूटभर उंच कठडा. शेवटी खुर्ची भर रस्त्यातून, मागे डंपर हॉर्न मारतोय. स्टॉपला पोचलो तेव्हा बस गेलेली. नात म्हणाली, "आबा, बस सोपी आहे. बसपर्यंत जाणं हाच कोर्स आहे."

मेट्रो तिला आवडते. एका रविवारी वनाझला रिक्षाने जाऊन उगाच गरवारे कॉलेजपर्यंत फिरून आलो. लिफ्ट, सपाट फलाट, डब्यात खुर्चीची जागा. पण धायरीला मेट्रो नाही, त्यामुळे ती हौसेपुरतीच.

एसटीबद्दलही कुणीतरी विचारेल म्हणून सांगतो. दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्याला ५० टक्के. बायकांना तर मार्च २०२३ पासून सरसकट अर्धं तिकीट. मी स्वतः कंडक्टर असताना सवलतीची किती तिकिटं फाडली त्याला गणती नाही. सवलत तिकिटाला असते, पायरीला नसते, ही गोष्ट मात्र नात मोठी होईपर्यंत माझ्या टाळक्यात शिरली नव्हती. तो दोष माझा.

व्हॅन शोधताना एक पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी ४,५०० मध्ये मिळत होती. सूनबाईला मोह झाला. मी नाही म्हणालो. पांढरी पाटी म्हणजे खाजगी वाहन, भाड्याने पोरं न्यायला त्याला परमिट नाही. उद्या काही झालं तर विम्यावाला पहिल्यांदा परमिटच मागणार. पिवळी पाटी, फिटनेस, परमिट, पीयूसी, ड्रायव्हरचा बॅज एवढं तरी बघा. लाजू नका, मागा. ज्या मालकाकडे कागद आहेत तो दाखवायला कंटाळत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मी विचारलं, खुर्ची गाडीत बांधता कशी? उत्तर आलं, "खुर्चीला ब्रेक असतो ना काका, तो लावतो." मी तिथूनच नमस्कार केला. खुर्चीचा ब्रेक चाक फिरू नये म्हणून असतो. गाडीने कचकन ब्रेक मारला तर चाक न फिरता अख्खी खुर्ची पुढे सरकते, आणि ड्रायव्हरच्या पाठीत जाऊन थांबते.

आता या सेवेचं. मोठी व्हॅन आहे तिची मागची काही सीटं काढून तीन खुर्च्यांची जागा केलीय, मागच्या दाराला हायड्रॉलिक लिफ्ट. छोटी व्हॅन आहे तिला मागून घडीचा रॅम्प. काही लोक विचारतात, लिफ्टचा खर्च कशाला, रॅम्प बरा. इमारतीच्या रॅम्पला एकास बारा हा हिशोब धरतात, एक फूट चढायला बारा फूट लांबी. मोठ्या गाडीचा तळ रस्त्यापासून दोन फुटांवर. म्हणजे फळी चोवीस फूट हवी, आमची अख्खी गल्ली अडेल. छोट्या गाडीचा रॅम्प अर्थातच खूप उभा आहे, त्यावर खुर्ची ढकलायला दमदार माणूस लागतो आणि बसलेल्याच्या पोटात गोळा येतो. मोठ्या खुर्चीवाल्यांनी तो पर्याय घेऊच नये असं माझं मत.

सकाळचा प्रकार बघण्यासारखा असतो. गाडी दारात लागते, ड्रायव्हर उतरून आधी मागच्या दोन्ही चाकांना गाडी घरंगळू नये म्हणून लाकडी ओट लावतो. (हे मी सांगितलेलं नाही, त्याचं त्यालाच सुचलं. त्या क्षणी मला तो माणूस आवडला.) लिफ्ट खाली येते, खुर्ची वर जाते, आत तोंड ड्रायव्हरकडे करून उभी राहते. तळाला लोखंडी खाचा आहेत, त्यात चार पट्टे अडकतात, दोन पुढून आणि दोन मागून. पट्टा बांधायचा तो खुर्चीच्या सांगाड्याला. चाकाला बांधायचा नाही, आणि हात टेकायच्या दांड्याला तर मुळीच नाही, तो उपटून हातात येतो. मग कर्र कर्र करत चारही पट्टे ताणायचे. त्यानंतर माणसाचा पट्टा वेगळा, गाडीच्या भिंतीतून खांद्यावरून कमरेपर्यंत. खुर्चीचा स्वतःचा जो कमरपट्टा असतो तो बसायची ढब नीट राहावी म्हणून, अपघातात तो काही धरत नाही. एवढं झालं की ड्रायव्हर खुर्ची दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवतो. खुर्ची न हलता गाडी हलली की म्हणतो, "झालं." नात तरी डाव्या हाताने बकल एकदा चाचपतेच. चार मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात मी घड्याळ लावून बघितलंय.

पहिले तीन महिने मी या सेवेला पाचपैकी दोन दिले असते, आणि कारण गाडी नव्हती, रूट होता.

नात आठ वाजून पाच मिनिटांनी चढायची आणि साडेनवाला उतरायची. दहा किलोमीटरला पंच्याऐंशी मिनिटं. पाच पोरं: धायरी, वडगाव, आनंदनगर, मग राजाराम पुलावरून कर्वेनगर, तिथून वारज्याला वळसा आणि परत कोथरूड. संध्याकाळी तोच रस्ता उलटा, म्हणजे सकाळी पहिली चढणारी आमची पोरगी संध्याकाळी सगळ्यात शेवटी उतरणार. दिवसाचे जवळजवळ तीन तास गाडीत. मला वाटलं, तिला गाण्यांचा हेडफोन दिलाय, चालतंय.

एक दिवस सूनबाई भाजी निवडता निवडता सहज बोलून गेली, "सकाळी ती पाणीच पीत नाही, बाबा." मी विचारलं का. ती माझ्याकडे बघत राहिली. मग कळलं. पंच्याऐंशी मिनिटं गाडीत, त्यात पट्ट्यांनी बांधलेली, मधे थांबायची सोय नाही, पोचल्या पोचल्या तास सुरू. बाथरूमला जायचं तर मदत लागते, वेळ लागतो. म्हणून पोरीने उपाय काढला होता: रात्री नऊनंतर पाणी बंद, सकाळी चहा बंद. तीन महिने. घरात माझ्यासारखा वाहतूक नियंत्रक बसलाय आणि त्याला याचा पत्ता नाही. हे इथे लिहू का असं तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "हेच लिहा, बाकीचं नाही लिहिलं तरी चालेल."

त्या रात्री मी कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून त्यावर शेड्यूल काढलं. कितीतरी वर्षांनी पट्टी-पेन्सिल हातात घेतली. छोटी व्हॅन बावधनकडून दोनच पोरं घेऊन येते, तिच्यात एक जागा रिकामी. वारज्याचा मुलगा कुबड्यांवर चालतो, त्याला लिफ्ट लागत नाही. त्याला छोटीत टाकला की मोठीचा वारज्याचा वळसा वाचतो. संध्याकाळी मोठीने आधी कर्वेनगरला उतरवायचं, मग वारज्यावरून हायवेला लागून नवले पुलाने आधी धायरी, नंतर वडगाव, शेवटी आनंदनगर. सकाळी जो पहिला चढतो तो संध्याकाळी शेवटी उतरता कामा नये, हा आमच्या डेपोतला साधा न्याय.

मालकाला पान दाखवलं. तो म्हणाला, "बघतो काका." बघतो म्हणजे काय ते मला कळतं, मी स्वतः तेहेतीस वर्षं लोकांना 'बघतो' म्हणालोय. दहा दिवस काही हललं नाही. अकराव्या दिवशी मी गेलो आणि पोरांचं नाव न काढता फक्त डिझेलचा हिशोब मांडला. सोमवारपासून नवा रूट चालू. आता धायरीहून कोथरूड पंचावन्न मिनिटं, सिंहगड रोड तुंबला नसेल तर पन्नास. नात सकाळी अर्धा कप चहा घेते आणि साखर कमी पडली म्हणून माझ्यावर ओरडते.

गाडी कशी आहे हे गाडी बिघडते त्या दिवशी कळतं, असं आम्ही डेपोत म्हणायचो. तो दिवस जुलैत आला.

पालकांची मीटिंग होती म्हणून मी संस्थेत गेलो होतो. साडेतीनला बाहेर आलो तर पावसाची भुरभुर चालू. रोजचा ड्रायव्हर गावी गेलेला, बदलीवर एक नवा पोरगा, पंचविशीचा. नात लिफ्टवर चढली, लिफ्ट वर निघाली, आणि रस्त्यापासून दीड फुटावर 'ठक' करून थांबली. ना वर ना खाली. पोरगा बटण दाबतोय, सोडतोय, दाबतोय. गाडीतल्या मदतनीस मावशी आतून हात पुढे करून खुर्चीचा दांडा धरून उभ्या. नात अधांतरी, केसांवरून पाणी गळतंय. संस्थेच्या वॉचमनने छत्री आणून तिच्या डोक्यावर धरली, त्याच्या स्वतःच्या पाठीवर पाऊस.

अशा लिफ्टला हाताने चालवायचा पंप असतो. वीज गेली, मोटर बसली, तरी दांडा घालून प्लॅटफॉर्म हळूहळू वर घेता येतो किंवा झडप सैल करून खाली सोडता येतो. हे मला ठाऊक होतं, दांडा कुठे ठेवलाय ते ठाऊक नव्हतं. पोरग्यालाही नव्हतं. त्याने मालकाला फोन लावला, मालकाने रोजच्या ड्रायव्हरचा नंबर दिला, तो कुठल्याशा शेतात, रेंज नाही. चौघेजण एकदम बोलायला लागले. कुणी म्हणे खुर्चीसकट उचलून घेऊ, कुणी म्हणे पोरीला उचलून घेऊ. नातीने दोनदा काहीतरी म्हटलं, आमच्या गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा ती ओरडली, "मागच्या सीटखाली बघा!" ती रोज त्या सीटसमोर बसते. ड्रायव्हर सोमवारी गाडी झाडताना तो दांडा बाहेर काढून पुसतो, हे तिने शंभरदा बघितलेलं.

दांडा तिथेच होता. पुढच्या तीन मिनिटांत ती खाली. एकूण वीस मिनिटं गेली, त्यातली सतरा आम्ही तिला न विचारल्यामुळे. गाडीत बसल्यावर तिने माझ्याकडे बघितलंच नाही, नवले पूल येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी मालकाकडे गेलो. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणालो की यापुढे बदलीचा ड्रायव्हर द्यायचा तर त्याने आधी पंप चालवून दाखवला पाहिजे, रिकाम्या लिफ्टवर, तुमच्यासमोर. त्याने ते मान्य केलं आणि पाळलंय, हे त्याच्या बाजूने लिहितो. दांड्याच्या जागेवर आता पिवळा रंग मारलाय आणि दारावर आतून चार ओळींचा कागद चिकटवलाय. त्या दिवसाचे पैसेही न मागता वजा केले.

जे अजून सुधारलेलं नाही ते असं. मोठी गाडी गॅरेजला गेली की बदली म्हणून साधी कार येते. ना लिफ्ट, ना रॅम्प. मग ड्रायव्हर आणि आणखी एक कुणी मिळून पोरीला उचलून सीटवर ठेवतात. अकरा महिन्यांत असं सहा दिवस झालं. परक्या पुरुषांनी उचलणं तिला नको असतं, आणि तिचं काय चुकलं? त्यातल्या दोन दिवशी ती गेलीच नाही. एकदा तर खुर्ची डिकीत टाकताना पाय ठेवायच्या पट्टीला धरून उचलली, ती पट्टी तेव्हापासून वाकडी आहे. खुर्ची उचलायची तर सांगाड्याला धरून, हे सांगून माझं तोंड दुखलं. मालक म्हणतो स्पेअर गाडीला रॅम्प बसवायचाय, आरटीओत नोंद करावी लागते, वेळ लागतो. नोंद करावी लागते हे खरं आहे. दिवाळीपासून वेळ लागतोय हेही खरं आहे.

माणसांबद्दल. रोजचा ड्रायव्हर सोन्यासारखा. स्पीड ब्रेकरवर गाडी अशी नेतो की डब्यातली आमटी हलत नाही. मावशी पन्नाशीच्या, दणकट, मुली एकट्या येतात म्हणून त्यांना ठेवलंय, आणि मुलीला पाठवायचं असेल तर मावशी आहे का हे भाड्याच्या आधी विचारा. फक्त त्या सगळ्यांना 'बाळा' म्हणायच्या. एकवीस वर्षांची पोरगी, टॅलीत जीएसटीची एंट्री करते, तिला 'बाळा, शी-शू झाली का' असं सगळ्या गाडीसमोर. तिने मला मधे पडू दिलं नाही. स्वतःच एकदा शांतपणे म्हणाली, मावशी, मला नावाने हाक मारा, आणि ते कानात विचारा. आता मावशी नावाने हाक मारतात आणि चुकून 'बा' तोंडातून निघालं की जीभ चावतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचंही तसंच. ग्रुपमध्ये पालक होते, पोरं नव्हती. गाडी दहा मिनिटं उशिरा येणार हे मला कळायचं, मी घरभर तिला शोधून सांगायचो. तिने मालकाला मेसेज केला, प्रवास मी करते, ग्रुपमध्ये आबा का? आता दोघंही आहोत. वारज्याचा मुलगाही आला. तो रात्री अकराला 'उद्या सुट्टी' टाकतो आणि सकाळी सातला 'येतोय' म्हणून टाकतो, त्यामुळे ड्रायव्हर वैतागलाय, पण तो वैताग मला आवडतो.

पैशांचं आधी लिहिलंच. ७,२०० मध्ये मावशी, डिझेल सगळं आलं, दिवाळीच्या सुट्टीत अर्धे घेतले. रिक्षाच्या हिशोबाने स्वस्त, आमच्या घराच्या हिशोबाने माझ्या पेन्शनीतून जेमतेम भागतं म्हणण्याइतकंही नाही, पोराचा ओव्हरटाइम त्यात जातो. आनंदनगरचा मुलगा चौथ्या महिन्यानंतर यायचा बंद झाला. वडील सिक्युरिटीत आहेत. फी परवडत होती, गाडी नाही. त्याच्या खुर्चीची जागा अजून रिकामी आहे, आणि आम्ही सगळे तिथे पिशव्या ठेवतो. राज्यातल्या स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असा नियम आहे. त्यातून कोर्सला जाणाऱ्या पोरांच्या गाडीचं भाडं द्यावं, असा एक अर्ज मी लिहून पोच घेऊन ठेवलीय. पोच नीट जपून ठेवलीय.

एक शेवटची गोष्ट, नातीने खास सांगितलेली. ड्रायव्हरजवळ रोजच्या फेरीचा तक्ता असतो, चढल्याची वेळ, उतरल्याची वेळ, सही. त्यावर पहिल्या रकान्याचं नाव छापलेलं होतं 'पेशंट'. मालकाची आधी अँब्युलन्स होती, त्याच प्रेसमधून पॅड छापून आणलेलं. नात रोज सही करायच्या आधी तो शब्द पेनने खोडायची आणि वर 'विद्यार्थी' लिहायची. रोज. मालकाने सहा महिने ते तक्ते फाइल केले, एक शब्द बोलला नाही. गेल्या महिन्यात पॅड संपलं, नवं छापून आलं. त्यात रकान्यावर 'प्रवासी' आहे.

मला तो शब्द फारच पसंत पडला, आमच्या खात्याचाच की. नात म्हणाली, "चालेल." मी चार तारे म्हणत होतो. तिने तीनच दिले, चौथा स्पेअर गाडीला रॅम्प लागल्यावर.